एकाच नंबरचे चार ट्रॅक्टर: जुना घेताना मॉडेल आणि सोयी कशा ओळखायच्या

जुन्या ट्रॅक्टरच्या सौद्यात पहिला प्रश्न असतो, "कोणता आहे?" उत्तर येतं, "पाचशे पंच्याहत्तर." लगेच बोलणं किमतीवर जातं. पण महिंद्रा ५७५ हे एका ट्रॅक्टरचं नाव नाही. साधा ५७५ डीआय आहे, भूमिपुत्र आहे, सरपंच आहे, एसपी प्लस, एक्सपी प्लस आणि युवो आहे. मॅसी २४१ म्हटलं तर साधा डीआय, महाशक्ती आणि प्लॅनेटरी प्लस. स्वराज ७४४ मध्ये एफई वेगळा, एक्सटी वेगळा. जॉन डिअर ५०५० मध्ये डी आणि ई. बाहेरून बघणाऱ्याला ही भावंडं सारखीच दिसतात. शेतात मात्र फरक पडतो: एकाला डबल क्लच आहे, दुसऱ्याला नाही, एकाचं स्टिअरिंग बोटावर फिरतं, दुसऱ्याचं खांदे भरून आणतं, एक पलटी नांगर उचलतो, दुसऱ्याला ते जमत नाही.

खानदेशात पहिला ट्रॅक्टर बहुतेक जुनाच घेतला जातो, आणि तो घेताना आयुष्यातली मोठी रक्कम एका दिवसात हातातून जाते. इंजिन कसं ऐकायचं हे गावातला मिस्त्री सांगतो. कोणतं मॉडेल आहे, कोणत्या सोयी कंपनीच्या आहेत आणि कोणत्या नंतर बसवल्या आहेत, हे मात्र फार कमी जण नीट बघतात. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

आधी शेत ठरवा

ट्रॅक्टर बघायला निघण्यापूर्वी कागदावर तीन गोष्टी लिहा: जमीन कशी आहे, कोणती अवजारं चालवायची आहेत, आणि वर्षभरात वाहतूक किती आहे. तापीकाठच्या खोल काळ्या जमिनीत उन्हाळी नांगरटीला पलटी नांगर लावायचा असेल तर ४५ ते ५० एचपी आणि मागे हायड्रॉलिकचं जोडण हवं. साक्रीकडच्या मुरमाड, चढउताराच्या रानात ३५ ते ४० एचपीचा चांगला ट्रॅक्टर पुरतो, तिथं ब्रेकला जास्त महत्त्व द्या. रावेर-यावलच्या केळीत पाच-सहा फुटांच्या ओळीत शिरायचं असेल तर प्रश्न एचपीचा नसून रुंदीचा आहे. तिथं १५ ते २५ एचपीचे छोटे ट्रॅक्टर चालतात. टेप सोबत न्या आणि मागच्या दोन चाकांचं बाहेरून बाहेरचं अंतर स्वतः मोजा. रिम उलटी लावून चाकं आत-बाहेर करता येतात, त्यामुळे एकाच मॉडेलचे दोन ट्रॅक्टर वेगवेगळ्या रुंदीचे मिळतात.

ही यादी आधी हातात असली की दलालाच्या बोलण्याने मन हलत नाही. "एक नंबर शे भाऊ, काहीच काम नही" हे तो प्रत्येक गाडीबद्दल म्हणणार. तुम्हाला हवी असलेली सोय त्या गाडीत आहे की नाही, एवढंच आपण बघायचं.

मॉडेल कागदावरून वाचा, बोनटवरून नाही

स्टिकर बाजारात मिळतात. नवं बोनटही मिळतं. म्हणून सुरुवात आरसीपासून, म्हणजे नोंदणीच्या कागदापासून करा. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष, चेसिस नंबर, इंजिन नंबर, मॉडेलचं नाव, सिलिंडरची संख्या, सीसी (इंजिनचा आकार) आणि रिकाम्या गाडीचं वजन असतं. बरेच जण फक्त मालकाचं नाव आणि पासिंगची तारीख बघतात. तुम्ही मॉडेल आणि सीसीची ओळ बघा. ५७५ चंच उदाहरण घ्या. साध्या ५७५ डीआयचं इंजिन चार सिलिंडरचं, २७३० सीसीचं आहे. एक्सपी प्लसचं २९७९ सीसीचं. बोनटवर एक्सपी प्लस लिहिलंय आणि आरसीत २७३० आहे, तर किंमत साध्या डीआयचीच बोला. यातली बरीच माहिती एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकूनही पडताळता येते.

आता आरसी घेऊन ट्रॅक्टरजवळ या. चेसिस नंबर आणि कंपनीची पत्र्याची प्लेट कुठं आहे ते मालकाला दाखवायला सांगा. जागा कंपनीगणिक बदलते. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. त्यावर बहुतेक वेळा तेल आणि मातीचा थर असतो. डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने जागा पुसा, वर पातळ कागद ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून हलकी घासा. अक्षरं कागदावर उठतात. नावावर करताना आरटीओच्या फॉर्मवर असाच पेन्सिल प्रिंट लागतो, म्हणजे हे काम वाया जात नाही. उठलेली अक्षरं एका रेषेत, एका उंचीची, सारख्या खोलीची दिसली पाहिजेत. एखादा आकडा वर-खाली झालेला दिसला, आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे दिसले किंवा प्लेटचे रिव्हेट नवे चमकत असले, तर तिथूनच परत फिरा. अशी गाडी स्वस्त मिळाली तरी ती कधीच नीट तुमच्या नावावर होणार नाही.

सिलिंडर मोजायला कागदही लागत नाही. इंजिनच्या बाजूला डिझेल पंप असतो, त्यातून पेन्सिलएवढ्या जाडीच्या लोखंडी नळ्या इंजिनच्या डोक्याकडे जातात. तीन नळ्या म्हणजे तीन सिलिंडर, चार म्हणजे चार. आरसीशी जुळतंय का बघा. जुळत नसेल तर इंजिन बदललेलं आहे, आणि ते आरटीओत नोंदवलंय का हा पुढचा प्रश्न.

५० एचपीच्या वरच्या गाड्यांत उत्पादनाचं वर्ष विशेष लक्ष देऊन बघा. १ जानेवारी २०२३ पासून या वर्गाला ट्रेम ४ हे धुराचे नवे नियम लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक गाड्यांत साध्या पंपाऐवजी कॉमन रेल (सगळ्या सिलिंडरला एकाच सामाईक नळीतून डिझेल) आणि कॉम्प्युटर असतो. डिझेल चांगलं जाळतात, पण बिघाड शोधायला स्कॅनर लागतो. तुमच्या तालुक्यात तो कुणाकडे आहे हे विचारून मगच अशी गाडी बघा.

बोनट उघडून रंग बघा

रंग दिलेला ट्रॅक्टर वाईटच असतो असं नाही. दसरा-दिवाळीच्या एक्स्चेंजमध्ये आलेल्या गाड्यांना डीलर रंग मारतातच. पण रंग कुठं कुठं पोचलाय त्यावरून गाडीची गोष्ट कळते. रबरी पाइपवर, वायरिंगवर, नटबोल्टच्या डोक्यावर फवारा बसला असेल तर अख्खी गाडी एकदम रंगवली आहे. टाकीच्या खाली आणि बोनटच्या आतल्या कडेला जुना रंग तसाच राहतो, तिथं टॉर्च मारा. हेडलाइटच्या वायरी टेप गुंडाळून लांबवलेल्या दिसल्या, बोनटच्या बिजागरीशी जुनी रिकामी भोकं दिसली, तर बोनट दुसऱ्या मॉडेलचं आहे. जुन्या गाडीवर नव्या पिढीचं तोंड बसवण्याचा प्रकार जुन्या बाजारात चालतो, आणि वर्षाच्या हिशेबात किमतीचा मोठा फरक पडतो.

सोयी एकेक करून चालवून बघा

स्टिअरिंगपासून सुरू करा. गाडी जागेवर उभी, इंजिन हळू, आणि चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. पॉवर स्टिअरिंग असेल तर एका हाताने फिरतं. मग खाली वाका. कंपनीचं पॉवर स्टिअरिंग असेल तर तेलाच्या नळ्या ठरलेल्या जागी क्लिपांनी बसवलेल्या, मुख्य गाडीच्याच रंगाच्या आणि वयाच्या असतात. नंतर किट बसवलं असेल तर वेगळा पंप, लांबलचक रबरी पाइप, बांधलेली तार, वेल्डिंग केलेले ब्रॅकेट दिसतात. किट वाईट नाही; कापसाच्या गाठोड्यांची ट्रॉली घेऊन जिनिंगपर्यंत जाणाऱ्याला त्याचा आरामच होतो. पण त्याला वरच्या मॉडेलची किंमत देऊ नका.

क्लचची परीक्षा सगळ्यात महत्त्वाची, आणि सौद्याच्या वेळी ती जवळपास कुणी करत नाही. सपाट मोकळी जागा घ्या. मागचं अवजार सोडा. पीटीओजवळ, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याजवळ, कुणी उभं राहू नये. उपरणं, धोतर, साडीचा पदर त्या फिरत्या दांड्यात अडकला की माणूस ओढला जातो, आणि पीटीओवरचं झाकण बहुतेक जुन्या गाड्यांवर काढून टाकलेलं असतं. आता पीटीओ चालू करा, गाडी सगळ्यात हळू गिअरमध्ये चालवा आणि क्लच सावकाश दाबत जा. डबल क्लच असेल तर अर्ध्यावर गाडी थांबते आणि पीटीओ फिरतच राहतो. पूर्ण दाबला की पीटीओही थांबतो. सिंगल क्लचमध्ये दोन्ही एकदम थांबतात. स्वतंत्र पीटीओ असेल तर त्याचा दांडा वेगळा असतो आणि क्लचशी त्याचा संबंध नसतो. रोटाव्हेटर चालवणाऱ्याने, केळीत ब्लोअरने फवारणी करणाऱ्याने सिंगल क्लचची गाडी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. वळताना, गिअर बदलताना अवजार थांबतं, आणि दर वेळी पुन्हा जोर धरायला इंजिनवर ताण येतो. मालक डबल क्लच म्हणतोय आणि दोन्ही एकदम थांबतात, तर एक तर मॉडेल खालचं आहे, नाही तर क्लचची सेटिंग बिघडली आहे. मिस्त्रीला दाखवा आणि खर्च किमतीतून वजा करा.

पीटीओचा वेग बहुतेक गाड्यांत मिनिटाला ५४० फेरे असतो. मीटरवर त्यासाठी इंजिनचा किती वेग हवा याची खूण केलेली असते. काही वरच्या मॉडेलात ५४० ई असं लिहिलेलं दुसरं गिअर असतं: तेच ५४० फेरे इंजिन कमी पळवून मिळतात, म्हणून हलक्या कामाला डिझेल वाचतं. उलटा फिरणारा पीटीओही काहींत असतो. मळणी यंत्रात किंवा रोटाव्हेटरमध्ये काही अडकलं तर त्याचा उपयोग.

ब्रेक तेलातले आहेत की कोरडे, हे मिस्त्री ब्रेकच्या बाजूच्या कव्हरवरून (हाउसिंग) सांगेल. कोरडे असतील तर पाण्यातून किंवा चिखलातून गेल्यावर काही वेळ पकडत नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याशी भरलेली ट्रॉली उतारावरून आणणाऱ्याने तेलातल्या ब्रेकसाठी थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. दोन्ही पेडल वेगवेगळे दाबून बघा, आणि रस्त्यावर चालवण्यापूर्वी दोन्ही जोडणारी पट्टी जागेवर आहे ना ते पाहा.

लिफ्टकडे येताना गाडीच्या मागे उभं राहा. मागच्या बाजूला तेलाच्या पाइपची जोडणी दिसते, तिच्या व्हॉल्व्हला डीसीव्ही म्हणतात. टिपर ट्रॉली उचलायला एक जोडणी चालते. हायड्रॉलिक पलटी नांगराला मात्र दोन लागतात, कारण नांगर एकीकडे फिरवायला तेल एका पाइपने जातं आणि दुसरीकडे फिरवायला दुसऱ्याने. दोन जोडण्या नसतील आणि तुम्हाला पलटी मारायचा असेल, तर ती बाहेरून बसवण्याचा खर्च आताच विचारून ठेवा. त्याबरोबर पुढच्या बंपरवरची वजनंही मोजा. जड नांगर उचलला की पुढची चाकं हलकी होतात. वजनं बऱ्याचदा आधीच काढून विकलेली असतात.

सीटच्या उजव्या हाताला लिफ्टचे दोन दांडे असतील तर एक अवजार ठरल्या उंचीवर धरतो आणि दुसरा जमिनीच्या ताणाप्रमाणे खोली सांभाळतो. काळ्या जमिनीत, जिथं दोन पावलांवर जमीन घट्ट-सैल होते, तिथं दुसऱ्या दांड्याचं काम लगेच जाणवतं. तो चालतो का हे नांगर जोडून शेतातच बघा. मालक नको म्हणत असेल तर त्यामागे काही तरी कारण आहे. मग अवजार पूर्ण उचला, इंजिन बंद करा आणि चहा घ्या. अवजार तेवढ्या वेळात हळूहळू थोडं उतरलं तर समजण्यासारखं आहे. डोळ्यादेखत बसत गेलं तर सील किंवा आतला भाग गेलेला आहे.

लिफ्टच्या खालच्या दोन्ही बाजूंच्या पिना मापा. २२ मिलिमीटरच्या असतील तर कॅटेगरी एक, २८ च्या आसपास असतील तर कॅटेगरी दोन. आपली अवजारं कोणत्या मापाची आहेत हे घरून मापून या. बुश टाकून काम भागतं, पण मोठ्या अवजाराला बारीक पिना लावून नांगरट करू नये.

गिअर मोजून मॉडेल ओळखता येतं, याचं चांगलं उदाहरण ५०५० चं आहे. डी मध्ये पुढचे आठ आणि मागचे चार, ई मध्ये पुढचे नऊ आणि मागचे तीन. गिअरच्या दांड्यावरची खूण पुसली गेली असली तरी एकेक गिअर टाकून मोजता येतो. दांडा मधोमध आहे की बाजूला हेही लिहून ठेवा. दिवसभर बसणाऱ्याला बाजूचा दांडा सोयीचा पडतो.

फोर बाय फोर असेल तर पोटाखालून पुढच्या धुरीकडे (ॲक्सलकडे) जाणारा शाफ्ट प्रत्यक्ष आहे ना ते बघा. टायर झिजू नये म्हणून काही मालक तो काढून ठेवतात, आणि मग तो कोपऱ्यात गंजत पडतो. मोकळ्या मातीत दांडा टाकून पुढची चाकं ओढतात का तपासा. पुढच्या आणि मागच्या टायरचं माप कंपनीने दिलेलंच हवं. कुणी एका धुरीला वेगळ्या मापाचे टायर टाकले असतील तर दोन्ही धुऱ्या एकमेकींशी झगडत राहतात आणि आतले गिअर झिजतात. हे बाहेरून दिसत नाही, म्हणून मापं आरशासारखी पुसून टायरवर वाचा.

टू व्हील ड्राइव्हमध्येही मागच्या टायरचं माप वाचा. १३.६-२८ च्या जागी १४.९-२८ टाकले की गाडी मोठी, दणकट दिसते. टायरवर चार आकड्यांची तारीख असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायर गाडीपेक्षा नवे असतील तर चांगलंच. पण मालक "कंपनीचेच टायर आहेत, गाडी फारशी चाललीच नाही" म्हणत असेल तर ही तारीख उत्पादनाच्या वर्षाशी ताडून बघा.

तासांचं मीटर

मीटरवरच्या तासांवर सौदा ठरवू नका. मीटर बदलता येतं, आणि जुन्या पद्धतीचं मीटर इंजिनच्या एका ठरावीक वेगालाच बरोबर तास दाखवतं. त्यापेक्षा गाडीच्या अंगावरच्या खुणा वाचा. क्लचच्या पेडलची जाळी गुळगुळीत झालीय का, टॉपलिंकची (अवजाराला वरून जोडणाऱ्या दांड्याची) भोकं लांबट झालीत का, ट्रॉलीच्या हुकाचं भोक किती खाल्लंय, पीटीओच्या दात्यांच्या कडा धारदार झाल्यात का. हुकाचं भोक फार खाल्लेलं आणि लिफ्टच्या पिना नव्यासारख्या असतील, तर गाडी शेतात कमी आणि वाहतुकीत जास्त राबली आहे; वाळू किंवा ऊस ओढलेल्या गाडीच्या क्लच-ब्रेककडे आणखी बारकाईने बघा.

इंजिनबद्दल एवढंच: सकाळी लवकर, न सांगता जा, आणि सुरू करण्यापूर्वी ब्लॉकला हात लावा. गरम लागला तर आधी चालवून ठेवलाय. थंड इंजिन सुरू होताना किती सेल्फ मारावे लागतात आणि ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनच्या आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून धूर फुसफुसतोय का, ते मिस्त्रीबरोबर उभं राहून बघा.

इसार देण्यापूर्वी कागद

नंबर प्लेट बघा. जळगावचा एमएच १९, धुळ्याचा एमएच १८, नंदुरबारचा एमएच ३९ असेल तर काम सोपं. रावेर, चोपडा, शिरपूर या पट्ट्यात बऱ्हाणपूरचे एमपी ६८ आणि बडवानीचे एमपी ४६ सहज मिळतात, नंदुरबारकडे गुजरातचे. परराज्यातली गाडी घ्यायला हरकत नाही, पण तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, मालकाने आणून दिल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ती मिळवणं मूळ मालकाशिवाय फार जिकिरीचं असतं.

कर्ज आहे का हे आरसीवर दिसतं. फिटलं असेल तर बँकेचा बेबाकी दाखला आणि फॉर्म ३५ हवा. ट्रॅक्टरच्या कर्जापोटी सातबाऱ्यावरही बऱ्याचदा बोजा चढवलेला असतो, म्हणून मालकाचा उतारा मागायला संकोचू नका; त्यात बोजा तसाच असेल तर फॉर्म ३५ हातात येईपर्यंत थांबा. अनुदानावर घेतलेला ट्रॅक्टर असेल तर मंजुरीचं पत्र मागून विक्रीबद्दलच्या अटी वाचा. ट्रॉली सोबत येत असेल तर तिचं स्वतंत्र पासिंग आहे का ते पाहा, कारण ट्रॅक्टरच्या आरसीत ट्रॉली येत नाही. नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपत आली असेल तर नूतनीकरणाचा खर्च कुणाचा हे आधी ठरवा.

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमाराला सालदार ठरतात, खरिपाची तयारी सुरू होते आणि जुन्या ट्रॅक्टरला गिऱ्हाईक वाढतं. घाई नसेल तर दिवाळीनंतर, एक्स्चेंजच्या गाड्या डीलरच्या आवारात साचलेल्या असताना बघा. तेव्हा निवडायला जास्त मिळतं आणि गाडी शेतात नेऊन चालवून दाखवायला विक्रेता सहज तयार होतो.

इसार पावतीवर नुसतं "५७५ ट्रॅक्टर" लिहू नका. पूर्ण मॉडेल, उत्पादनाचं वर्ष, चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि जे जे सांगितलं गेलं ते लिहा: डबल क्लच, पॉवर स्टिअरिंग, दोन जोडण्यांची डीसीव्ही, पुढची वजनं, हूक, टॉपलिंक. सौद्यानंतर वजनं आणि टॉपलिंक गायब होण्यावरून बरीच भांडणं होतात. फॉर्म २९ आणि ३० वर त्याच दिवशी सह्या घ्या. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नावावर करायला अर्ज करायचा, असा नियम आहे. विमाही चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी कंपनीकडे अर्ज द्या. तोपर्यंत ट्रॅक्टर रस्त्यावर काढू नका, आणि ट्रॉलीवर माणसं तर मुळीच बसवू नका.